‘थांब’ पोहोचेपर्यंत

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आज दर्शन सरांनी सगळ्या शिफ्टला टाळ्या वाजवायला लावल्या, त्याही माझ्यासाठी. या गोदामात मला दोन वर्षं झाली. आजपर्यंत माझी ओळख एकच, ‘जमीनवाल्यांची पोरगी’. दाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पूर्णा गावातली जमीन गोदामाला दिली आणि त्याच बोलण्यात माझी नोकरी ठरली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी स्वतःच्या डोक्याने केलाय हे कोणाच्या गावीही नव्हतं. आता कळलं असेल.

झालं असं. तीन नंबरच्या पट्ट्यावरून खोकी जातात, वरचा कॅमेरा प्रत्येक खोक्याचा फोटो काढून सर्व्हरला पाठवतो. फोटो आला म्हणजे माल बाहेर गेला, तीच पावती. फोटो इतके भराभर येतात की सर्व्हरच्या आधी एक स्विच बसवलाय. आम्ही त्याला डबाच म्हणतो. फोटोचे तुकडे होऊन ते त्यात क्षणभर थांबतात. डबा भरत आला की तो कॅमेऱ्याला ‘थांब’ असा इशारा धाडतो. कॅमेरा थांबला की पट्टा थांबतो आणि पट्टा थांबला की दर्शन सरांचं डोकं फिरतं. चार ते सहाच्या गर्दीत तर दर पाच-दहा मिनिटांनी. सर म्हणाले, "कायतरी कर क्षितिजा, पण पट्टा थांबता कामा नये."

डब्यात चाळीस तुकडे मावतात. बनवणाऱ्यांनी आठ तुकड्यांची जागा शिल्लक असतानाच ‘थांब’ म्हणायचं ठरवून ठेवलेलं. आठ! एवढी भित्री माणसं असतात. इशारा जाईपर्यंत फार तर एक-दोन तुकडे येतात. मी शिल्लक दोनवर आणली. आज दिवसभरात पट्टा निम्म्याच वेळा थांबला आणि एकही फोटो चुकला नाही.

घरी माझ्या आयला सांगितलं तर म्हणाली, "आठाचं दोन केलंस, त्याला टाल्या? माजं पन कर, घरात आठ भांडी घासतं मी."

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी साधून सर्व्हर मानकोलीच्या नव्या इमारतीत हलवले. डबाही तिकडेच गेला. मध्ये साडेतीन किलोमीटर फायबर. आज सकाळी चाचणी घेतली, पट्ट्यावर खोकी मांडायला रूपा होती. पाचशे खोकी, पाचशे फोटो. पास.

दर्शन सरांनी विचारलं, "एवढं लांब गेलंय, काही लोचा नाही ना होणार?" मला हसूच आलं. म्हटलं, "सर, डोळ्याची पापणी लवेपर्यंत इशारा हजारदा जाऊन येईल." आम्हालाच मानकोली नाक्यावर पाऊण तास लागला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

वाईट दिवस. नऊ दिवसांत एकशे त्रेसष्ट खोक्यांचे फोटो नाहीत. सगळी कानात घालायच्या इयरफोनची, लहान. फोटो नाही म्हणजे खोकं कॅमेऱ्यापर्यंत गेलंच नाही, म्हणजे त्याच्या आधीच कोणीतरी उचललं. आणि कॅमेऱ्याच्या आधी उभी असते मंगळी.

मंगळी डोंगराकडच्या पाड्यावरून येते. चाळिशी उलटलेली, बारीक, कोणाशी फार बोलत नाही. हात मात्र असा चालतो की दोन बायकांचं काम एकटी करते. गर्दीच्या वेळी सर मुद्दाम तिलाच उभी करतात. तिचा नवरा जान्या बाहेर ट्रक भरतो, त्यामुळे सरांचा हिशेब लगेच जुळला. ती सरकवते, तो पळवतो.

मला विचारलं, यंत्रात दोष आहे का. मी सगळं तपासलं. कॅमेरा ठीक, फायबर ठीक, सर्व्हर ठीक. ‘यंत्रणा निर्दोष’ असं लिहून सही केली. मग वाटलं, बाईवर उगाच आळ नको, निदान शहानिशा होऊ दे. म्हणून गेटवरच्या मैनाला मीच सांगितलं की तिची पिशवी नीट बघ. मैनाने पिशवी जमिनीवर उलटी केली. भाकरी, मिरची, एक कंगवा आणि औषधाची बाटली. चाळीस बायका बघत होत्या. मंगळीने एक-एक वस्तू उचलून पिशवीत भरली आणि वर मान करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मावशी, तुमच्याच भल्यासाठी होतं."

त्यावर काही बोलली नाही. चोर नसती तर आरडाओरडा केला असता, असं सर म्हणाले. मला तेव्हा ते पटलं.

दुकानांना विचारा, असं मी सुचवलं. खोकी पोत्यांत बंद होऊन कंपनीच्याच लांबलांबच्या दुकानांत जातात. तिथली मोजणी महिना-दोन महिन्यांनी. सर म्हणाले, आत्ता विचारलं तर बोभाटा होईल. पुढच्या शनिवारी पोलिसांत अर्ज जाणार आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मंगळी आणि जान्या दोघांनाही घरी बसवलं. तीन नंबरवर रूपा. एकही फोटो चुकला नाही. सर बोटं नाचवत आले, "बघ, मॅटर क्लोज!" पुराव्याला याहून काय हवं?

पट्टा मात्र मुंगीच्या पावलाने चालला. सहाची गाडी साडेसातला निघाली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

साप्ताहिक सुट्टी. आज जे बघितलं ते लिहायला बसले आहे. रागाने की लाजेने ते सांगता येत नाही.

समोर नामाकाकांच्या घराचा स्लॅब पडत होता. गल्ली अरुंद म्हणून मिक्सर बाहेर रस्त्यावर, आणि तिथून जिन्यावरून गच्चीपर्यंत बायामाणसांची रांग, बावीस जणांची. घमेलं या हातातून त्या हातात. रांगेत वरून तिसरी मंगळी. काम सुटलं की दुसऱ्या दिवशी दुसरं धरावं लागतं, हे मला ठाऊक आहे, पण माझ्याच दारात दिसेल असं वाटलं नव्हतं. मी चहा घेऊन आमच्या गच्चीवर उभी होते, तशीच राहिले.

वर माल ओतून घेणारा मुकादम नवा होता. फळीजवळ दोन घमेल्यांची जागा उरली तेव्हा तो ओरडला, "थांबा!" खाली मिक्सरवाल्याने ऐकलं आणि भरायचं थांबवलं. पण रांगेतली घमेली यायची थांबतात होय? एकामागून एक येतच राहिली. दोन मावली, बाकीचा माल जिन्यावर, मुकादमाच्या पायांवर. शिव्या सुरू झाल्या. शिव्या अर्थात बायकांना.

एरवी न बोलणारी मंगळी कडाडली. "आमाला कशाला बोलतंस? मिक्सर दाराशी असला तं रांग सहाची, दोनाची जागा ठेवून आरडलास तरी चालतं. आता रांग बावीसाची हाय. ज्यांच्या हातान घमेला हाय त्यांनी तां कुठं ठेवायचा, तुज्या डोक्याव? रांग लांबली का आदी आरडाया पायजे!"

लोक हसले. माझ्या हातातला चहा गार झाला.

दोनाची जागा. रांग लांबली.

तिने मला वर पाहिलं. तोंड फिरवलं आणि पुढचं घमेलं घेतलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

ड्युटीवर गेले. कोणाला न सांगता गणित मांडलं.

साडेतीन किलोमीटर जायला इशाऱ्याला साधारण साडेसतरा मायक्रोसेकंद लागतात. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले साडेसतरा. तेवढ्या वेळात कॅमेरा पाठवतच असतो, कारण त्याला ‘थांब’ पोहोचलेलाच नसतो. पोहोचला तरी आधी पाठवलेलं वाटेत असतंच, ते यायला आणखी साडेसतरा. एकूण पस्तीस. आमच्या वेगाने पस्तीसमध्ये पाच तुकडे येतात. सर्व्हर शेजारी होता तेव्हा दोन येत होते, आता सात. जागा दोनाची. पाच तुकडे बाहेर सांडतात, आणि फोटोचा एक जरी तुकडा कमी असला तरी सर्व्हर तो फोटो अपुरा म्हणून टाकून देतो. खोकं मात्र पट्ट्यावरून नीट पुढे गेलेलं असतं, पोत्यात, ट्रकमध्ये, दुकानात.

सांडलेल्या तुकड्यांची मोजदाद डबा स्वतः ठेवतो. तो आकडा मी कधी उघडलाच नव्हता, कारण यंत्र निर्दोष होतं ना! आज उघडला. आठशे बावीस. एकशे त्रेसष्टला पाचाने गुणलं तर आठशे पंधरा. कधी पाचाऐवजी सहा सांडले असतील, एवढाच फरक.

आणि फक्त मंगळीच्याच पाळीत का? कारण तिचा हात चालतो, आणि लहान खोकी आली की आणखीच भराभर. रूपा मांडते तेव्हा डबा भरतच नाही, ‘थांब’ म्हणायची वेळच येत नाही. चाचणीही मी रूपालाच घेऊन केली होती.

बनवणाऱ्यांचे आठ तसेच ठेवले असते तर सातही मावले असते. एकही फोटो पडला नसता. भित्री माणसं म्हणाले होते मी त्यांना.

हे अजून कोणालाच माहीत नाही. दोनाचे आठ करायला मला अर्धं मिनिट लागेल. मग फोटो पडायचे थांबतील आणि लोक म्हणतील मंगळी गेली, चोरी थांबली. हा विचार माझ्या डोक्यात आला. आला म्हणून लिहून ठेवते. दुपारपर्यंत होता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दर्शन सरांना केबिनमध्ये सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"आठ कर आणि विसरून जा."

"आणि मंगळी?"

"मी वर लिहून दिलंय की चोरी पकडली. तू लिहून दिलंयस की मशीन ओके. आता काय सांगायचं, आम्ही दोघं येडे आहोत?"

"हो. तसंच सांगायचं."

"क्षितिजा, ती बाई उद्या दुसरीकडे कामाला लागेल. तुझं करिअर आहे. सोड ना."

मला इतका संताप आला की कानशिलं तापली. पण खरं सांगायचं तर त्यातला अर्धा माझ्यावरच होता, कारण कालपर्यंत मीही हेच मनात घोळवत होते. मी म्हटलं, "आकड्याला कोणीही हात लावायचा नाही. तो आता पुरावा आहे." केबिनमधून बाहेर आले आणि मुख्य ऑफिसच्या भावना मॅडमना ईमेल टाकला. सगळं लिहिलं, ‘शिल्लक मी बदलली’ हेसुद्धा. एक प्रत सरांना. मग ‘पाठव’ दाबलं.

भावना मॅडमचं संध्याकाळी उत्तर आलं. एकच ओळ. गुरुवारी येते, समोर करून दाखवा.

दाजींना सांगावंच लागलं. म्हणाले, "नोकरी जाईल तुजी." म्हटलं, "जाईल." त्यांनी सुपारी कातरायला घेतली. "गेली तं गेली. जमीन दिली आपन त्यांना. पोर न्हाय दिली."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मंगळीशिवाय दाखवता येणार नाही. काल शिफ्ट सुटल्यावर मी स्वतः पट्ट्यावर खोकी मांडून बघितली. दहा मिनिटांत कंबर धरली आणि डबा निम्माही भरला नाही. तेव्हा पाड्यावर गेले.

मंगळी अंगणात तूर झोडपत होती. जान्या ओट्यावर बसलेला. त्याने पाणी दिलं, ती थांबलीसुद्धा नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चूक यंत्राची आहे, यंत्रात आकडा मी भरला, आणि गुरुवारी मुख्य ऑफिसच्या बाईंसमोर तुम्ही आलात तर सिद्ध होईल.

"म्हंजे मी येऊन तुजा यंत्र खरा-खोटा करायचा," ती म्हणाली. "पिशवी उलटी केलीस तवा यंत्राला इचारला व्हतास?"

"मावशी, चुकलं माझं."

"कवा कललं तुला?"

"परवा. रविवारी."

"आज मंगलवार हाय." तिने काठी खाली ठेवली. "तू शिकलेली, गाडी हाय तुजी. दोन दिस काय करत व्हतीस?"

माझ्याकडे उत्तर होतं पण ते तिला द्यायची हिंमत झाली नाही. जान्या जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "पाड्याव सगले इचारतान. पोरीचा लगीन ठरलेला हाय. त्यांचा मानूस येऊन गेला, खरा का म्हून."

तेव्हा मला समजलं की नोकरीची गोष्ट त्यांच्यासाठी केव्हाच मागे पडली आहे. स्लॅबची कामं मिळतात. नाव कुठे मिळत नाही.

मी निघाले तेव्हा पाठीमागून आवाज आला. "येन मी. तुज्यासाठी न्हाय. पन त्या दिशी व्हत्या तेवड्या समद्या बाया तिथं पायजेत. येक कमी न्हाय."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चार वाजता, ऐन गर्दीत. तिन्ही पट्टे चालू. मी तीनशे रिकाम्या खोक्यांवर क्रमांक घातलेले. दोन फेऱ्या, म्हणजे सहाशे. चाळीस बायका भिंतीला लागून उभ्या. दर्शन सर कुरकुरले की काम खोळंबतंय. भावना मॅडम म्हणाल्या, खोळंबू दे.

मंगळीने पदर खोचला. पट्टा सुरू झाला आणि तिचे हात चालायला लागले. खोक्यामागे खोकं, मध्ये बोटभर अंतर. रूपा मोठ्याने मोजत होती. सहाशे झाले तेव्हा मंगळीच्या कपाळावर घाम होता, पण श्वास जागच्या जागी. पलीकडे पोती भरणाऱ्या बायकांनीही मोजली, सहाशे. एकही खोकं कुठे गेलं नव्हतं.

पडद्यावर फोटो किती? पाचशे पंच्याण्णव.

बायका माना उंचावून पडद्याकडे बघायला लागल्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आता ही पाच पन मंगलीनं खाल्ली का काय?" आणि भिंतीजवळ जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबेना. मंगळी हसली नाही.

मी सगळ्यांसमोर दोनाचे आठ केले. पुन्हा सहाशे. पट्टा नऊदा थांबला, दर वेळी दर्शन सरांचे डोळे मिटले. फोटो सहाशे.

भावना मॅडमनी विचारलं, "हा आकडा कोणी बदलला होता?" ईमेलात लिहिलेलं असूनही विचारलं, मुद्दाम, बायकांसमोर. मी म्हटलं, "मी. सरांनी सांगितलं पट्टा थांबायला नको. कसा, ते मी ठरवलं. आणि फायबर लांबल्यावर पुन्हा तपासलं नाही. आणि मंगळीची पिशवी तपासायलाही मीच सांगितलं."

आवाज चढला होता माझा. चढू दे. दर्शन सर मोबाइलमध्ये बघत होते.

शनिवार, १ मार्च

सुट्टी होती तरी बोलावलं म्हणून गेले. पोलिसांत जायचा अर्ज रद्द. मला कारणे दाखवा नोटीस, सात दिवसांत उत्तर. देईन, चांगलं लांबलचक देईन.

दर्शन सरांनी मंगळीला आणि जान्याला बोलावून घेतलं होतं. टेबलावर टाइप केलेला कागद, सही करा आणि सोमवारपासून या. मंगळीने कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच."

मी वाचला. ‘तांत्रिक बाबी लक्षात घेता व्यवस्थापन माणुसकीच्या भावनेतून सदर कामगारांना पुन्हा कामावर घेत आहे.’

"म्हंजे चोरी झाली का न्हाय झाली?"

"ते यात नाही."

"मंग यात हाय काय?"

सर म्हणाले, "मावशी, कामावर घेतोय ना? झालं की."

"न्हाय झालं," मंगळी म्हणाली. ती बसलीसुद्धा नव्हती. "माज्या पोरीच्या सासरी मी काय दाखवू, तुमची माणुसकी?"

मी पेन काढलं. सर म्हणाले, "क्षितिजा, ऑफिसचा कागद आहे, हात लावू नकोस. नोटीस आहे तुझ्यावर." मी म्हटलं, "आहे ना. मग आता घाबरू कशाला?" आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘चोरी झालीच नाही. सर्व १६३ खोकी बाहेर गेली. फोटो हरवले ते मी बदललेल्या आकड्यामुळे. मंगळी आणि जान्या यांनी काहीही घेतलेलं नाही.’ खाली माझं पूर्ण नाव आणि तारीख. मग कागद सरांसमोर फिरवून ठेवला. "आता तुमची सही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. शेवटी त्यांनी भावना मॅडमना फोन लावला, दोन वेळा ‘हो मॅडम’ म्हणाले आणि सही केली. मंगळीने कागदाच्या दोन प्रती मागितल्या. एक घडी करून पोलक्यात ठेवली, दुसरी जान्याला दिली.

"मग सोमवारी?" सरांनी विचारलं.

"बगन," ती म्हणाली. "आमाला ठरवू द्या."

तिच्यामागे मीही बाहेर पडले. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, काय ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं. तिने बघितलंच नाही माझ्याकडे. ठीक आहे. तिला गरज नाही.

गेटवर मैना उभी होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीची पिशवी तपासायची, तशी मंगळीपुढेही तिने सवयीने हात पुढे केला. मंगळीने पिशवी खांद्यावर जरा वर ओढून घेतली आणि तिच्यासमोर उभी राहिली. तपास म्हणाली नाही, नको तपासू असंही म्हणाली नाही. नुसती उभी. जान्या तिच्या मागे, हातात कागद घेऊन.

मैनाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीही सांगितलं नाही.

मैनाने हात मागे घेतला आणि मोठं फाटक उघडलं, ट्रक जातात ते.